‘शुगर लो’ झाल्यावर साखर केव्हा खावी आणि केव्हा नाही

जेवण होऊन दोन-अडीच तास झालेले असतात. अचानक हाताला कंप सुटतो, कपाळावर गार घाम येतो, छातीत धडधडू लागते, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागते आणि समोरच्याचे साधे बोलणेही डोक्यात शिरेनासे होते. जवळचे कोणीतरी म्हणते, “शुगर लो झाली असेल, पटकन काहीतरी गोड खा.” गोड खाल्ले की दहा-पंधरा मिनिटांत बरे वाटते आणि निदान झाले, असे सगळेच धरून चालतात. काही दिवसांनी तोच प्रसंग पुन्हा येतो. मग पिशवीत बिस्किटांचा पुडा कायम ठेवण्याची सवय लागते आणि तरीही, किंबहुना पुष्कळदा त्या सवयीमुळेच, असे प्रसंग वाढत जातात.

‘साखर कमी झाली की साखर खावी’ हा सल्ला एका प्रकारच्या माणसांचा जीव वाचवतो आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसांचे दुखणे लांबवतो. या दोन्ही प्रकारांतील लक्षणे जवळजवळ सारखीच असल्यामुळे, आपण नेमके कोणत्या प्रकारात मोडतो हे कळल्याशिवाय आहाराचा कोणताही सल्ला आपल्यापुरता खरा मानता येत नाही. म्हणून आहाराकडे वळण्यापूर्वी, शरीर रक्तातील साखर कशी सांभाळते हे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे.

एक चमचाभर साखर आणि तिची राखण

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम चार-पाच ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे एक लहान चमचाभर. दुसरीकडे, वजनाने शरीराच्या अवघा दोन टक्के असलेला मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा वापरतो आणि दिवसाकाठी त्याला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. हिशेब केला तर रक्तातील सगळा साठा एकट्या मेंदूला तासभरच पुरेल. तरीही आपण रात्री सात-आठ तास काही न खाता झोपतो आणि सकाळी शुद्धीवर, ताजेतवाने उठतो. याचा अर्थ, जेवढे ग्लुकोज खर्च होते तेवढे रक्तात सतत ओतले जात असते.

हे ओतण्याचे काम मुख्यतः यकृत करते. जेवणातून आलेले जादा ग्लुकोज यकृत ग्लायकोजेन या रूपात साठवून ठेवते. हा पदार्थ फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्ये यकृतातून वेगळा काढून दाखवला. यकृतातील हा साठा साधारण १०० ग्रॅमचा असतो. स्नायूंमध्ये त्याच्या कितीतरी पट अधिक ग्लायकोजेन असते, परंतु ते ग्लुकोजच्या रूपात पुन्हा रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) स्नायूंकडे नसल्यामुळे तो साठा ज्या त्या स्नायूच्या कामीच येतो. यकृतातील साठा आटत आला की यकृत दुसरा मार्ग धरते. स्नायूंतून आलेली अमिनो आम्ले, लॅक्टेट आणि चरबीतून सुटलेले ग्लिसरॉल यांपासून ते नवे ग्लुकोज तयार करते. त्यामुळे निरोगी माणसाचे एखादे जेवण चुकले म्हणून त्याची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत सहसा घसरत नाही. भूक लागेल, चिडचिड होईल, डोके दुखेल. पण ‘एक जेवण चुकले की शुगर लो होतेच’ ही समजूत शरीराची ताकद कमी लेखणारी आहे.

या व्यवस्थेची सूत्रे संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) हाती असतात. जेवणानंतर रक्तशर्करा वाढली की स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते. ते ग्लुकोजला स्नायूंत आणि चरबीच्या पेशींत शिरू देते आणि यकृताला ‘आता ओतणे थांबव’ असा निरोप देते. रक्तशर्करा उतरू लागली की उलट क्रम सुरू होतो आणि तो पायरीपायरीने घडतो. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या आपल्या परिचयाच्या एककात सांगायचे तर ८० ते ८५ च्या आसपासच शरीर इन्सुलिनचा स्राव आवरते घेते. ६५ ते ७० च्या दरम्यान स्वादुपिंडातून ग्लुकागॉन आणि मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन ही संप्रेरके बाहेर पडतात व यकृताला साठा सोडण्याची आज्ञा मिळते. साधारण ५५ च्या खाली माणसाला स्वतःला लक्षणे जाणवू लागतात आणि ५० च्याही खाली गेल्यास मेंदूच्या कामात अडथळे येतात. हे आकडे माणसागणिक थोडे मागेपुढे होतात, पण क्रम सहसा हाच असतो.

या क्रमातच लक्षणांचा अर्थ दडलेला आहे. थरथर, धडधड, अस्वस्थता, घाम आणि खा-खा ही धोक्याची घंटा आहे. ती ॲड्रेनलिन आणि स्वायत्त मज्जासंस्था वाजवते आणि तेव्हा मेंदूला अजून इंधन मिळत असते. बोलताना शब्द न सापडणे, दृष्टी धूसर होणे, गोंधळणे, विचित्र वागणे, फिट येणे, शुद्ध हरपणे ही मात्र खुद्द मेंदूची उपासमार असते. पहिल्या प्रकारची लक्षणे इतर अनेक कारणांनीही उद्भवतात, कारण ॲड्रेनलिन भीतीनेही वाढते, अपुऱ्या झोपेनेही वाढते आणि जास्त कॉफीनेही वाढते. थायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय असली तरी थरथर आणि धडधड होते. दुसऱ्या प्रकारची लक्षणे दिसली तर ती कधीही हलक्यात घेऊ नयेत.

लक्षणे खरी, पण साखर खरोखर कमी होती का?

इन्सुलिन १९२२ मध्ये प्रथमच रुग्णांना मिळू लागले आणि त्याची मात्रा जास्त झाली तर काय होते, हेही डॉक्टरांना लगेच पाहायला मिळाले. अमेरिकन वैद्य सील हॅरिस यांनी १९२४ मध्ये असे नोंदवले की, ज्यांनी इन्सुलिन कधी घेतलेच नाही अशा काही लोकांमध्येही हुबेहूब तशीच लक्षणे दिसतात. त्यांचे स्वादुपिंडच गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडत असावे. निरीक्षण मोलाचे होते. पुढे मात्र या कल्पनेचा इतका विस्तार झाला की थकवा, उदासपणा, एकाग्रता नसणे अशा जवळजवळ प्रत्येक तक्रारीला रक्तशर्करेची घसरण जबाबदार धरली जाऊ लागली. अखेर १९७३ मध्ये अमेरिकेतील प्रमुख वैद्यकीय संस्थांना एकत्रितपणे जाहीर करावे लागले की, हे निदान वाजवीपेक्षा फार जास्त प्रमाणात केले जात आहे.

त्याच्याही आधी, १९३८ मध्ये, शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी एक साधी कसोटी मांडली होती आणि ती आजही वापरली जाते. तिच्यात तीन अटी आहेत. लक्षणे रक्तशर्करा कमी झाल्यासारखी असावीत, त्याच क्षणी मोजलेली रक्तशर्करा प्रत्यक्षात कमी भरावी आणि ती वाढवल्यावर लक्षणे जावीत. तिन्ही अटी जुळल्या तरच निदान पक्के मानायचे. मधुमेह नसलेल्या माणसात हा ‘कमी’ आकडा ५५ च्या खालचा मानला जातो, तर मधुमेहावर औषधे घेणाऱ्यांनी ७० च्या खाली गेल्याबरोबर सावध व्हावे आणि ५४ च्या खालची पातळी गंभीर समजावी, असे ठरवलेले आहे. औषध आपले काम थांबवत नाही, त्यामुळे आकडा आणखी खाली जाण्याची शक्यता असते. म्हणून त्यांच्यासाठी ही आधीची रेषा आहे.

व्हिपल यांच्या कसोटीतील मधली अट बहुतेक वेळा वगळली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. गोड खाऊन बरे वाटले म्हणजे साखर कमीच होती, असे सिद्ध होत नाही. खाल्ल्याने भूक शमते, बसल्याने भोवळ कमी होते, आणि घाबरलेल्या माणसाला कोणी जवळ येऊन काही खायला दिले तरी धडधड शांत होऊ शकते. जेवणानंतरच्या अशा प्रसंगात प्रत्यक्ष मोजून पाहिले तर अनेकांचा आकडा ७० च्या वरच सापडतो. त्यांचा त्रास खोटा मुळीच नसतो, फक्त त्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

मोजण्यातही चुका होतात. बोटाला फळाचा रस किंवा साखर लागलेली असेल तर ग्लुकोमीटर खोटाच मोठा आकडा दाखवतो, म्हणून हात धुऊन, कोरडे करूनच थेंब घ्यावा. घरगुती यंत्राच्या आकड्यात पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरलेला असतो, त्यामुळे ६८ आणि ७४ यांच्यात फार अर्थ शोधू नये. त्वचेवर लावण्याचा सेन्सर रक्तातील नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो. तो रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो आणि झोपेत त्या कुशीवर दाब पडला तर साखर खोटीच उतरलेली दाखवतो. प्रयोगशाळेत दिलेले रक्त साध्या नळीत बराच वेळ पडून राहिले तर रक्तपेशी त्यातील ग्लुकोज खात राहतात आणि अहवालात पातळी प्रत्यक्षात नसते इतकी कमी दिसते. अशा अहवालावरून घाबरून गेलेल्या माणसाने आधी तपासणी पुन्हा करून घ्यावी.

ज्यांनी साखर ताबडतोब खाल्लीच पाहिजे

इन्सुलिन घेणारे आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणारे मधुमेही या गटात येतात. त्यांच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम बाहेरून आलेला किंवा औषधाने ओढून काढलेला असतो, त्यामुळे रक्तशर्करा उतरू लागली तरी तो आपोआप मागे घेता येत नाही. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो.

त्यांच्यासाठी ‘पंधराचा नियम’ आहे. आकडा ७० च्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल पण लक्षणे स्पष्ट असतील, तर लगेच रक्तात उतरणारी सुमारे १५ ग्रॅम साखर घ्यावी, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा मोजावे आणि आकडा वर आला नसेल तर तेवढीच मात्रा पुन्हा घ्यावी. १५ ग्रॅम म्हणजे पाण्यात विरघळवलेली तीन-चार लहान चमचे साखर, अर्धा कप फळांचा रस किंवा ग्लुकोजच्या तीन-चार गोळ्या. चॉकलेट, आइसक्रीम, केक अशा वेळी उपयोगाचे नाहीत, कारण त्यांतील स्निग्ध पदार्थ पोट रिकामे होण्याची गती मंदावतात आणि साखर रक्तात उशिरा पोहोचते. अकार्बोज हे औषध घेणाऱ्यांनी तर साधी साखर न घेता ग्लुकोजच घ्यावे, कारण साध्या साखरेचे विघटन करणारे विकरच त्या औषधाने अडवलेले असते. आकडा सावरल्यावर पुढचे जेवण तासाभराहून दूर असेल तर थोडे पिष्टमय आणि थोडे प्रथिनयुक्त काहीतरी खावे. पंधरा मिनिटे थांबणे फार कठीण जाते, हे मला मान्य आहे. त्या वेळी शरीर ‘अजून खा’ असे ओरडत असते आणि माणूस हाताला लागेल ते खात सुटतो. मग दोन तासांनी आकडा २५० वर जातो, त्यासाठी जादा इन्सुलिन घेतले जाते आणि तेच चक्र पुन्हा सुरू होते.

रुग्ण बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल तर त्याच्या तोंडात पाणी, रस किंवा साखर काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला एका कुशीवर वळवावे, ग्लुकागॉनचे इंजेक्शन किंवा नाकातून देण्याचे औषध घरात असेल आणि ते कसे द्यायचे हे शिकून घेतलेले असेल तर द्यावे, आणि रुग्णवाहिका बोलवावी.

आणखी तीन गोष्टी रुग्णाच्या घरच्यांनाही ठाऊक असायला हव्यात. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे थरथर आणि धडधड झाकून टाकतात. घाम मात्र येतो, म्हणून अशा माणसाला अकारण घाम फुटला तर आधी साखर तपासावी. जोराचा व्यायाम किंवा अंगमेहनत केल्यानंतर पुढचे २४ तास स्नायू रक्तातून ग्लुकोज ओढत राहतात, त्यामुळे दुपारच्या श्रमांची घसरण मध्यरात्रीही येऊ शकते. आणि ज्यांची साखर वारंवार घसरते त्यांच्या शरीराला त्या पातळीची सवय होते व धोक्याची घंटा वाजेनाशी होते. दोन-तीन आठवडे एकही घसरण होऊ दिली नाही तर ती जाणीव बऱ्याच जणांमध्ये पुन्हा परतते. यासाठी औषधांच्या मात्रा बदलाव्या लागतात आणि तो बदल डॉक्टरांनीच करायचा असतो. वारंवार होणारी घसरण जास्त खाऊन भरून काढत राहणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

याउलट, ज्यांची साखर महिनोन्‌महिने २५०-३०० राहिली आहे त्यांना उपचारानंतर ती ११०-१२० वर आली तरी थरथर आणि घाम येऊ शकतो. ही खरी घसरण नसते. शरीराला वाढीव पातळीची सवय झालेली असते आणि ती हळूहळू सुटते. प्रत्येक वेळी गोड खाल्ले तर ती सवय मोडणारच नाही.

जेवणानंतरची घसरण आणि तिच्यावरचा आहार

आता सुरुवातीला वर्णन केलेल्या माणसाकडे परत येऊ. त्याला मधुमेहाचे कोणतेही औषध चालू नाही. त्रास जेवणानंतर दोन ते चार तासांनी होतो. याला प्रतिक्रियात्मक घसरण म्हणतात. लवकर पचणारी कर्बोदके मोठ्या प्रमाणात एकदम पोटात गेली की रक्तशर्करा झपाट्याने चढते आणि स्वादुपिंड तिच्या मापाने मोठा इन्सुलिनचा लोट सोडते. अन्नाचे शोषण लवकर संपून जाते, पण इन्सुलिनचा परिणाम काही काळ मागे रेंगाळतो आणि यकृताचे ओतणेही थांबलेले असते. या मधल्या पोकळीत साखर घसरते आणि ॲड्रेनलिन धावून येते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या काही लोकांमध्ये इन्सुलिनचा पहिला प्रतिसाद मंद पडलेला असतो आणि नंतरचा लोट उशिरा, पण मोठा येतो. म्हणून त्यांच्यातही हे चित्र दिसते. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये अन्न लहान आतड्यात फार वेगाने उतरते आणि हाच प्रकार जेवणानंतर एक ते तीन तासांत, अधिक तीव्रतेने घडतो.

अशा वेळी गोड खाल्ले की काय होईल हे आता सहज लक्षात येईल. तात्पुरते बरे वाटते, पण पुन्हा चढ, पुन्हा इन्सुलिन, पुन्हा उतार. इथे आहाराचे काम चढच बेताचा ठेवणे हे आहे, कारण चढ जितका कमी तितका उतार सौम्य.

पहिली दुरुस्ती समजुतीत करावी लागते. ‘मी गोड खातच नाही’ असे अनेक जण सांगतात आणि ते खरेही असते. पण मैद्याचा पांढरा ब्रेड रक्तशर्करा साध्या साखरेपेक्षाही वेगाने वाढवतो. पदार्थांची अशी तुलना करणारा ग्लायसेमिक इंडेक्स १९८१ मध्ये टोरांटोतील डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. ग्लुकोजला १०० धरले तर त्यात साधी साखर ६५ च्या आसपास आणि पांढरा ब्रेड ७५ च्या आसपास येतो. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि फ्रुक्टोज रक्तातील ग्लुकोज फारसे वाढवत नाही, हे त्याचे कारण. याचा अर्थ साखर चांगली असा घेऊ नये. मैदा आणि बारीक दळलेले, अगदी मऊ शिजवलेले पिष्टमय पदार्थही साखरेच्याच रांगेत बसतात, एवढाच घ्यावा.

दुसरी गोष्ट अन्नाच्या घडणीची आहे आणि तिचा एक सुंदर पुरावा १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात मिळतो. दहा निरोगी माणसांना एकदा अख्खी सफरचंदे, एकदा त्यांचा गर आणि एकदा त्यांचा गाळलेला रस देण्यात आला. तिन्ही वेळा कर्बोदके सारखीच, ६० ग्रॅम होती. रस पिऊन झाल्यावर इन्सुलिन जास्त वाढले आणि त्यापाठोपाठ रक्तशर्करेची घसरणही झाली. गर खाल्ल्यावर ती थोडी कमी झाली आणि अख्खे फळ चावून खाल्ल्यावर ती झालीच नाही. फळ तेच आणि साखरही तेवढीच. केवळ तंतू काढून टाकल्यामुळे आणि चावण्याचा वेळ वाचल्यामुळे शरीराचे उत्तर बदलले. म्हणून प्रतिक्रियात्मक घसरण होणाऱ्यांना मी पहिला सल्ला हाच देईन की, कर्बोदके पिऊ नका, चावून खा. फळांचे रस, शीतपेये, गोड चहा-कॉफी आणि मधाचे पाणी एवढे बंद केले तरी कित्येकांचे अर्धे प्रसंग थांबतात.

तिसरी गोष्ट सोबतीची. कर्बोदके एकटी पोटात जाऊ देऊ नयेत. प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि तंतुमय पदार्थ सोबत असले की जठर हळू रिकामे होते आणि ग्लुकोज रक्तात संथपणे उतरते. भाताबरोबर डाळ किंवा मासे, ब्रेडबरोबर अंडे, फळाबरोबर मूठभर बदाम किंवा अक्रोड, अशी जोडी लावण्याची सवय लागली की वेगळे पथ्य करावे लागत नाही. क्रमाचाही उपयोग होतो. भाज्या आणि प्रथिने आधी आणि भात किंवा ब्रेड शेवटी खाल्ला तर तेच जेवण रक्तशर्करा कमी चढवते. कडधान्यांचा गुण तर त्याहून पुढचा आहे. त्यांच्यामुळे त्या जेवणाचा चढ कमी होतोच, शिवाय त्यानंतरच्या जेवणानंतरही साखर बेताने चढते, असे प्रयोगांत आढळले आहे.

पिष्टमय पदार्थ किती हळू पचू शकतात याचे टोकाचे उदाहरण लहान मुलांच्या एका दुर्मीळ जन्मजात विकारात दिसते. त्यात यकृताला साठवलेले ग्लायकोजेन ग्लुकोजच्या रूपात सोडताच येत नाही आणि काही तासांच्या उपवासानेही मूल संकटात येते. अशा मुलांना १९८० च्या दशकापासून न शिजवलेले मक्याचे पिष्ट (कॉर्नस्टार्च) पाण्यात कालवून ठरावीक वेळी दिले जाते. ते आतड्यात कित्येक तास थोडे थोडे ग्लुकोज सोडत राहते. हेच पिष्ट शिजवले तर मात्र लवकर पचते आणि त्याचा हा गुण जातो. सर्वसाधारण माणसाला हा उपाय करण्याची गरज नाही. पण आपल्या ताटातील धान्य किती दळलेले आणि किती मऊ शिजवलेले आहे याकडे लक्ष देण्याचे कारण यातून कळते.

जेवणाच्या वेळांबद्दल बोलताना मला थोडे सावध व्हावेसे वाटते. ‘दर दोन तासांनी काहीतरी खा’ हा सल्ला सरसकट दिला जातो. दिवसातून दोन मोठी जेवणे घेण्याऐवजी तीन मध्यम जेवणे आणि त्यांच्या मध्ये एखाद-दुसरे छोटे खाणे असेल तर प्रत्येक वेळचा कर्बोदकांचा भार कमी होतो, आणि हे योग्यच आहे. मात्र ते मधले खाणे बिस्किटे किंवा टोस्टचे असेल तर आपण दिवसातून दोन चढांऐवजी सहा चढ निर्माण करतो. मधल्या खाण्यासाठी दही, उकडलेले अंडे, भाजलेले हरभरे किंवा दाणे अधिक चांगले. सकाळची न्याहारीही केवळ पिष्टमय आणि गोड नसावी; सकाळी अकराच्या सुमारास गळून जाणाऱ्या पुष्कळ जणांचे उत्तर त्यांच्या न्याहारीत सापडते. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांनी घास छोटे ठेवावेत, जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पेये टाळावीत आणि त्रास सुरूच राहिला तर औषधांसाठी डॉक्टरांना विचारावे.

कर्बोदके जवळजवळ बंदच करण्याचा मार्ग काही जण उत्साहाने धरतात. मला तो बहुतेकांसाठी अनावश्यक वाटतो. संथ पचणारी कर्बोदके योग्य सोबतीने घेतली तर हेतू साध्य होतो आणि असा आहार वर्षानुवर्षे टिकतो. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यांनी तर औषधाची मात्रा न बदलता कर्बोदके तोडणे धोक्याचे आहे.

मद्याचा उल्लेख वेगळा करायला हवा. मद्याचे विघटन करताना यकृताची नवे ग्लुकोज तयार करण्याची क्षमता अडवली जाते. पोटात अन्न असेल आणि ग्लायकोजेनचा साठा भरलेला असेल तर हे खपून जाते, पण दिवसभर फारसे न खाता रात्री मद्य घेतले तर कित्येक तासांनी, झोपेत किंवा पहाटे, रक्तशर्करा कोसळू शकते. अशा माणसाचा गोंधळलेपणा नशा समजून दुर्लक्षिला जातो आणि म्हणूनच हा प्रकार इतका घातक ठरतो. कॉफी रक्तशर्करा कमी करत नाही, मात्र ॲड्रेनलिनचा प्रतिसाद वाढवून किरकोळ घसरणही मोठी भासवते. महिनाभर तिचे प्रमाण घटवून पाहणे हा स्वस्तातला आणि निरुपद्रवी प्रयोग आहे.

आहाराच्या जोडीला स्नायूंचा विचार केल्याशिवाय चयापचयाचा तोल साधत नाही. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातून ग्लुकोज आत घेऊ शकतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर चढाचा काही भाग स्नायूच शोषून घेतात आणि स्वादुपिंडाला मोठा लोट सोडावा लागत नाही. स्नायू बळकट असतील आणि पोटाभोवतीची चरबी कमी असेल तर थोड्या इन्सुलिनमध्ये काम भागते. झोप कमी पडली की शरीराची इन्सुलिनबद्दलची ही संवेदनक्षमता काही दिवसांत खालावते, त्यामुळे ताटात काहीही न बदलता, केवळ जागरणांमुळे हा त्रास वाढलेला दिसू शकतो.

आहाराने जे बरे होणार नाही

इतका आहार सांगितल्यावर त्याची मर्यादा सांगणे हे माझे कर्तव्य आहे. वर सांगितलेले सगळे जेवणानंतरच्या घसरणीला लागू आहे. उपाशीपोटी, पहाटे किंवा श्रमानंतर येणाऱ्या घसरणीचे कारण आहारात नसण्याची शक्यता मोठी असते, विशेषतः माणूस मधुमेहाची औषधे घेत नसेल तेव्हा. यकृत किंवा मूत्रपिंड निकामी होणे, अधिवृक्क ग्रंथींचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी पडणे, तीव्र जंतुसंसर्ग, दीर्घ कुपोषण, चुकून दुसऱ्याच्या गोळ्या घेतल्या जाणे, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. क्वचित, दरवर्षी दहा लाखांत काही मोजक्या जणांमध्ये, स्वादुपिंडात इन्सुलिन स्रवणारी गाठ सापडते. बहुतेकदा ती कर्करोगाची नसते आणि शस्त्रक्रियेने काढता येते. तिच्या निदानासाठी रुग्णालयात देखरेखीखाली ७२ तासांपर्यंत उपवास करवून ग्लुकोज, इन्सुलिन आणि शरीराच्या स्वतःच्या इन्सुलिनबरोबर स्रवणारे सी-पेप्टाइड तपासले जातात. हा उपवास घरी करून पाहण्याचा नाही.

या गाठीचे निदान होण्यास कधी कधी वर्षे लागतात आणि त्याचे एक कारण म्हणजे रुग्णाने स्वतःच शोधलेला उपाय. खाल्ले की बरे वाटते हे त्याला कळलेले असते, म्हणून तो वारंवार खात राहतो, वजन वाढत जाते आणि लक्षणे अधूनमधूनच दिसतात. सकाळी त्याला उठवायला वेळ लागतो, तो असंबद्ध बोलतो, न्याहारीनंतर ठीक होतो आणि त्याला स्वतःला त्यातले काही आठवत नाही. त्यामुळे हे प्रथम घरच्यांच्याच लक्षात येते. रात्री उठून काही खाल्ल्याशिवाय ज्यांची सकाळ धड उजाडत नाही, त्यांनी न्याहारीत काय बदलावे याचा विचार करत बसू नये. एका वहीत त्रासाची वेळ, शेवटचे खाणे केव्हा व काय होते, त्या क्षणी मोजलेला आकडा, चालू असलेली सगळी औषधे आणि घरच्यांनी पाहिलेले वागणे लिहावे, आणि ती वही व ते पाहणारी व्यक्ती या दोघांना सोबत घेऊन अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे जावे.